तळ्याकाठी चार दिवस आणि आमची म्हैस

युरोपला जायचं आमचं एकदा मोडलं होतं ते म्हशीमुळे. निदान आमच्या गडमुडशिंगी गावात भेटेल त्याला मी तसंच सांगत होतो. मुलगी झुरिकला नोकरी करते. उन्हाळ्यात तिनं आम्हा दोघांना सहा महिन्यांचा व्हिसा काढायला लावला, मुंबईला जाऊन आम्ही बोटांचे ठसे देऊन आलो, आणि नेमकी तेव्हाच म्हैस व्याली. बायको म्हणाली, "ओली बाळंतीण टाकून मी कुठंबी येत न्हाय." विषय संपला. पासपोर्ट कपाटात रेशनकार्डाखाली जाऊन बसले.

नवरात्र झालं आणि मुलीचा पुन्हा फोन आला. व्हिसा संपायला तीन आठवडे उरलेत, तो वाया घालवू नका, तिकिटं मी धरून ठेवलीत, दहा दिवसांनी निघायचं आणि आठवड्यात परत. त्यातले चार दिवस तिनं आमच्यासाठी स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, एका तळ्याकाठच्या गावात खोली घेतली होती. "तिकडं इटालियन बोलतात," ती म्हणाली. "एकदम निवांत गाव आहे. बाल्कनीतून तळं दिसतं. मी येणार नाही हं, ही तुमची कपल ट्रिप."

मी तेहेतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. खडू न उचलता इटली काढून दाखवायचो. स्वित्झर्लंडात इटालियन भाषा कशी काय, हे आल्प्सपासून सुरुवात करून समजावून सांगायला मी घसा साफ केला, पण बायकोनं मला दुसऱ्या वाक्यावरच अडवलं. "म्हंजे निपाणीसारखं. राज्य त्यांचं, बोलणं ह्यांचं." इतकं सोपं करून मला कुठल्याच वर्गात सांगता आलं नव्हतं, म्हणून मला जरा रागही आला.

"आन कपल ट्रिप म्हंजे?" तिनं विचारलं.

"म्हंजे आपण दोघं."

"आन?"

"आन कोण न्हाय."

"पोरगी बी न्हाय?"

"न्हाय."

ती शेंगा फोडत बसली होती. फोडायची थांबली. "मग चार दिस करायचं काय?"

आम्ही दोघंच असे कधी कुठं गेलोच नव्हतो. आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही जोतिबाला गेलो होतो, एका जीपमध्ये तेरा जण. तिच्या मांडीवर माझ्या आत्याची नात होती आणि माझ्या मांडीवर नारळाचं पोतं. त्यानंतर आम्ही जिथं म्हणून गेलो तिथं कुणी ना कुणी बरोबर होतंच. मी निवृत्त झालो, मुलगी परदेशी गेली, आणि घरात खरोखरच दोघं उरलो, तर एका छपराखाली दोन भाडेकरू राहावेत तसे राहायला लागलो. मी पेपर वाचायचो, ती भाकऱ्या थापायची. मी म्हणायचो, मीठ कमी आहे. ती म्हणायची, बरणी समोरच आहे. दिवस संपला.

म्हणून मला ते चार दिवस हवे होते. अगदी मनापासून हवे होते. तिनं एकदा "हो" म्हणावं, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड चालली होती. पण असलं काही तोंडानं सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी जे येतं तेच केलं. वेळापत्रक केलं.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं रेघा मारल्या. पहिला तास, तळ्यात बोटीची फेरी. दुसरा तास, दोरावरच्या रेल्वेनं डोंगर. तिसरा तास, दगडी घरांचं जुनं गाव. चौथा तास, चर्चमधली चित्रं. मोबाईलवरून इटालियनही शिकायला घेतलं आणि अंगणात मोठ्यानं "बोंजोर्नो, बोंजोर्नो" म्हणत फिरायला लागलो. गल्लीतली कुत्री दोन दिवस आमच्या दारावरून गेली नाहीत.

बायकोनं वेळापत्रक भिंतीवर वाचलं. "मधली सुट्टी कवा?" तिनं विचारलं.

"अगं, ही समदी सुट्टीच हाय की."

"मग घंटा कशाला लिवलीया?"

मी घंटा खोडल्या. तरी हो म्हणेना. शेवटी तिनं हुकमाचं पान टाकलं. "म्हशीची धार कोण काढणार?"

आता हे नुसतं निमित्त नव्हतं. आमची म्हैस बायकोशिवाय कुणालाही पान्हा सोडत नाही. मागं बायको दोन दिवस तापानं पडली तेव्हा मी कासेला हात लावला होता. बादली गोठ्याच्या एका कोपऱ्यात गेली आणि मी दुसऱ्या. म्हणून मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते होवो, पण धार काढणारं माणूस तयार करायचंच. शेजारच्या भाभीला विचारलं. भाभी शिलाईकाम करते, आमच्या तिच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि लहानपणापासून तिच्या माहेरी म्हशी. ती लगेच म्हणाली, "मी काढतो की सर, त्यात काय!" (आमच्याकडे बायका मी जातो, मी येतो असंच बोलतात. बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये.)

गावाकडे यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. मालकिणीची रोजची साडी नेसून बसलं की म्हैस वासाला फसते. दुसऱ्या दिवशी पहाटे भाभी बायकोची धारेची साडी नेसून, डोक्यावर तोच पदर घेऊन गोठ्यात शिरली. म्हशीनं मान वळवून बघितलं. हुंगलं. आंबोणाची पाटी चाटून पुसून खाल्ली आणि दूध चोरून उभी राहिली. थेंब नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. बायको दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मला बिलकुल आवडलं नाही.

भाभी कपाळावरचा घाम पुसत बाहेर आली. "साडीचं काम न्हाय हे, सर. वैनी बोलतात ना तिच्याशी, ते मला कुठं येतंय?"

"बोलते?" मी म्हणालो. "कुणाशी?"

"म्हशीशी."

"काय बोलते?"

भाभीनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू वर्गात मीच गृहपाठ न केलेला. "अवं, समदं. रोज सकाळी अर्धा घंटा. भिंत एकच हाय की. मला वाटलं तुमास्नी म्हाईत असंल."

मला कसं माहीत असणार? त्या वेळी मी पाणंदीच्या रस्त्यानं फिरायला गेलेला असतो. आम्ही चार निवृत्त मंडळी आहोत. ऊसदरापासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांना रोज पाऊण तास फैलावर घेतो आणि मोकळे होऊन घरी येतो. घरी आल्यावर बोलायला काही शिल्लक राहत नाही. आणि इकडे माझ्या बायकोचं पाऊण आयुष्य गोठ्यात बोलून होत होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मी सोडून.

पण त्या घडीला मला एवढंच सुचलं की उपाय सापडला. आवाज हवा ना? आवाज रेकॉर्ड करू! बायको आधी हसली, मग चिडली, मग म्हणाली, "ही म्हस हाय, रेडिओ ऐकणारी म्हातारी न्हाय." पण भाभीनंही माझी बाजू घेतली, तेव्हा ती कशीबशी तयार झाली. तिची अट एकच होती. "तुमी गोठ्यात थांबायचं न्हाय. तुमी असला की माझ्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय."

तिनं हे सहज म्हटलं. मला मात्र ते चांगलंच लागलं.

पहिल्या दिवशी मी माझाच मोबाईल खुंटीला पिशवीत अडकवून फिरायला गेलो आणि घोटाळा झाला. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर साडेपाचपासून शुभ सकाळ सुरू होते. फुलं, सूर्य, सुविचार, टिंग, टिंग, टिंग. चौथ्या सुविचाराला म्हशीनं लाथ मारली. मी परत आलो तर बायको दुधानं न्हालेली, आणि तिनं त्या सगळ्या गुरुजनांचा जो उद्धार केला तो भाभीनं भिंतीपलीकडून ऐकला आणि अजून मला ऐकवते. मग मुलीचा जुना, सिमकार्ड नसलेला मोबाईल काढला.

त्यावरचं पहिलं रेकॉर्डिंग नीट आलंय का, एवढंच बघायला मी माडीवर जाऊन कानाला लावलं. हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो. आवाज येतोय म्हटल्यावर बंद करायला हवं होतं. केलं नाही.

आधी धारेचा चर्र चर्र आवाज, आणि मग तिचा. हा आवाज मी ओळखतच नव्हतो. घरातला तिचा आवाज तुटक, पाट्यावर वाटल्यासारखा. हा मऊ होता आणि हसत होता. "आगं बाय, उभी ऱ्हा की नीट. काल काय झालं म्हाईत हाय काय..." कोडोलीच्या नणंदेचा फोन आला होता, तिनं सगळ्यांची चौकशी केली, म्हशीचीही केली, फक्त हिची केली नाही. ताक फार आंबट झालं ते मी मुकाट्यानं प्यालो, म्हणजे माझं लक्ष नव्हतं. मग हिरव्या साडीची गोष्ट निघाली. ती मी मोठ्या हौसेनं तिच्या पन्नाशीला आणली होती, आणि ती जपून ठेवलीय अशी माझी समजूत होती. "ती नेसली की मी पानटपरीचा पडदा दिसतो, बाय. दोनदा नेसली. मग भाभीनं तिचे दोन उशांचे अभ्रे शिवले."

मी माडीवर एकटाच मोठ्यानं हसलो. खाली भांडी घासायचा आवाज थांबला, म्हणून गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ऐकलं. आता "नीट आलंय का" हे कारणसुद्धा मी स्वतःला दिलं नाही. त्या दिवशी ती गुडघ्याबद्दल बोलत होती. जोतिबाच्या पायऱ्या लागल्या की ती म्हणायची, तुमी व्हा म्होरं, मी बांगड्या बघून येतो. मला कायम वाटायचं, काय या बाईला बांगड्यांचं वेड! दोन-तीनदा मी चारचौघांत बोललोही होतो. "बांगड्या कुठल्या घेतोय गं," ती म्हशीला सांगत होती. "दुकानात स्टूल असतंय. तितं टेकतो घडीभर. ह्यास्नी सांगितलं तर म्हणतील, वजन कमी कर." आणि मी तसंच म्हटलं असतं, शब्दही तेच. मी त्याच दिवशी कोल्हापुरात जाऊन गुडघ्याचं तेल आणलं आणि काही न बोलता तिच्या उशाशी ठेवलं. तिनं बाटली बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि बूच काढून वास घेतला.

इकडे प्रयोग यशस्वी होत होता. संध्याकाळच्या धारेला भाभी साडी नेसून बसायची, मोबाईल खुंटीला, त्यातून बायको बोलायची, आणि म्हैस कान हलवत पान्हा सोडायची. नेहमीपेक्षा थोडं कमी, पण दूध डेअरीत घालण्याइतकं येत होतं. भाभी म्हणाली, "सर, एकच पुन्हा पुन्हा लावलं तर ती कंटाळंल. दररोज नवीन पायजे." भाभीला स्वतःला पुढची गोष्ट ऐकायची होती, हे कळायला काही भूगोलाचा मास्तर असावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी ती मुलीबद्दल बोलली. मुलगी पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा विमानतळावर मी रुमाल काढला होता आणि ही अगदी कोरडी उभी होती. मी मनात म्हणालो होतो, बाई दगडाची आहे. आता ती म्हशीला सांगत होती, "तवा तुझी आई हुती गोठ्यात. रात्रभर गाडीनं आलो आन आधी हितं आलो. तिच्या मानंवर डोकं ठेवून लई रडलो. तिनं पाय हलवला न्हाय बघ."

मी मोबाईल खाली ठेवला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला त्या म्हशीचा राग आला, तिच्या आईचाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माझ्या बायकोच्या मनातलं सगळं या दोघी मायलेकींनी ऐकलं. मी तिथून वीस पावलांवर राहत होतो. म्हशीचा मत्सर वाटलेला मी जिल्ह्यातला पहिला निवृत्त शिक्षक असेन.

निघायला चार दिवस उरले. मुलगी रोज विचारत होती, आई हो म्हणाली का? मी म्हणत होतो, म्हशीची सोय झाली, आईची व्हायची आहे.

चौथं रेकॉर्डिंग मी दार लावून ऐकलं. सुरुवातीला बराच वेळ नुसती धार वाजत होती. मग ती म्हणाली, नेहमीपेक्षा मोठ्यानं, "तू भाभीला दूध दिलंस. आता माझ्याजवळ कारण न्हाय बघ." पुन्हा धार. "मला तळं बघू वाटतंय, बाय. खोटं कशाला बोलू? पोरीनं फोटो दाखवल्यात. बाल्कनीत दोन खुर्च्या हायत. पर त्या खुर्चीत बसून करू काय? हितं गप बसलं तर खपतंय, हाताला काम असतंय. तितं ना भाकरी, ना शेण, ना तू. ह्यास्नी तर माझ्याशी बोलायला चूक सापडाय लागती. चूक न्हाय सापडली तर गप. चार दिस दोन माणसं तळ्याकडं त्वांड करून गप बसायची, आन मग मला कळायचं की आमच्याजवळ काईच न्हाय. त्यापरास न्हाय गेलेलं बरं."

रेकॉर्डिंग संपलं तरी मी मोबाईल कानालाच धरून होतो. खाली ती मला जेवायला हाक मारत होती. जेवताना मी बोलायचा प्रयत्न केला. म्हणालो, "आमटी चांगली झालीया." ती म्हणाली, "कालचीच हाय." आणि मी पुन्हा आमटीत भाकरी कुस्करायला लागलो. वर्गात साठ पोरांसमोर तेहेतीस वर्षं ज्याचं तोंड बंद झालं नाही, त्याला एका बाईसमोर दुसरं वाक्य सापडेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला गेलो नाही. पाणंदीवर त्या तिघांनी अमेरिका कशी सांभाळली, मला माहीत नाही. मी सरळ गोठ्यात गेलो. ती धारेला बसली होती, पाठमोरी. म्हशीनं माझ्याकडे बघून नाक फेंदारलं.

"मी ऐकलं," मी म्हणालो. "समदं ऐकलं. चारी दिवसांचं. चुकलं माझं."

वाटलं, आता बादली अंगावर येते. तिनं मान वळवली नाही. हातही थांबला नाही. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं काय?"

"गुडघ्याचं तेल आणलासा तवाच. उभ्या जन्मात कवा माझा गुडघा दिसला न्हाय तुमास्नी, आन त्याच दिवशी कसा दिसला?" धार चर्र चर्र वाजत होती. "म्हणून तर काल तळ्याचं मोठ्यानं बोललो. म्हशीला काय करायचंय तळ्याचं?"

मी खुंटीला धरून उभा राहिलो. ती माझ्याशी बोलली होती. दोन दिवस वाट बघून, म्हशीच्या आडून का होईना, पण माझ्याशी.

"आता माझं समदं बोलून झालंय," ती म्हणाली. "आता तुमची पाळी. तितं जाऊन मी बोलायची न्हाय. तुमास्नी काय सांगायचं हाय ते सांगा. न्हाय जमलं तर आत्ताच पोरीला फोन लावा आन तिकिटं मोडून टाका."

सांगण्यासारखं एकच होतं, ते मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. पाणंदीवरही नाही. मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "मला विमानाचं भ्या वाटतंय."

धार थांबली.

"लई भ्या वाटतंय," मी म्हणालो. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. "फळ्यावर समदं जग काढलं, पर वर बसून खाली बघायचं म्हटलं की देव आठवतोय. उन्हाळ्यात म्हस व्याली तवा मी देवाला नारळ फोडला. गावभर म्हशीवर आन तुझ्यावर ढकललं. तू न्हाय म्हणालीस म्हणून मोडलं, असं सांगत फिरलो. तू हो म्हणाली असतीस तर मीच कायतरी कारण काढणार हुतो. आता मात्र मला जायचं हाय. तुझ्यासंगं जायचं हाय, आन भ्या बी वाटतंय."

ती पूर्ण वळून माझ्याकडे बघत होती. आधी तिचा विश्वासच बसला नाही. मग ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भिंतीपलीकडे भाभीसुद्धा हसली, ते मला स्पष्ट ऐकू आलं. म्हैस तेवढी गंभीर होती.

"मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाय वो?" हसू आवरत तिनं विचारलं.

"कुणाला सांगणार?" मी म्हणालो. "म्हस तुझी हाय."

तिचं हसू थांबलं. मग तिनं बाजूचं पेंडीचं रिकामं पोतं ओढलं, झटकलं आणि आपल्या शेजारी जमिनीवर अंथरलं.

"बसा," ती म्हणाली. "आन पयल्यापासनं सांगा."